डाव्या कानाशी

१

रविवारी सकाळी सारंगला उठवायचं म्हणजे आधी चहा करायचा, कप त्याच्या नाकाशी न्यायचा आणि मग बोलणी खायची. उइटहॉर्नला घर घेतल्यापासून त्याचा रविवार झोपेसाठी राखलेला होता. पण मला कामासाठी ज्या गावात जायचं होतं तिथे रविवारी बस जात नाही, आणि मला गाडी चालवता येत नाही.

"तुझे ते मेलेले पाद्री शनिवारी नाही का बोलत?" तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"नाही. ऊठ."

मी युट्रेख्टच्या विद्यापीठात जुन्या प्रवचनांवर संशोधन करते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्युरिटन म्हणून जे कडक धर्मोपदेशक होऊन गेले, त्यांची प्रवचनं तेव्हाच डचमध्ये आली. इंग्लंडात ती आता ग्रंथालयात धूळ खात पडली आहेत. इथे लेक नदीच्या काठी काही गावांत अजून वाचली जातात. मंडळीला, म्हणजे गावच्या ख्रिस्ती समुदायाला, पाद्री नसला की वडीलधाऱ्यांपैकी एक जण उभा राहतो आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीचं प्रवचन छापलंय तसं वाचून दाखवतो. समोरची माणसं मात्र ते आज पहाटे आपल्यासाठीच लिहिल्यासारखं ऐकतात. ते ऐकणं मला जवळून पाहायचं होतं.

आमच्या दोघांच्याही घरी देव नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि पोराला भीती घालून काही शिकवायचं नाही असा दंडक होता. माझे बाबा नाशिकला जयंतीच्या सभा गाजवायचे. मी पुढे सतरंजीवर त्यांच्याकडे पाठ करून बसायचे आणि लोकांचे चेहरे बघायचे. कोणत्या वाक्याला विड्या विझतात, कोणत्या वाक्याला बायका पदर डोळ्यांना लावतात. ते वेडच पुढे पोटापाण्याचा धंदा झालं.

मंडळीची जागा म्हणजे नदीच्या बांधाखालचं एक विटांचं सभागृह. पांढऱ्या भिंती, काळी बाकं, एकही चित्र नाही. बायकांच्या डोक्यावर टोप्या, अंगावर काळे कपडे. प्रवचन सुरू होताना बाकाबाकावरून पेपरमिंटची पुडी फिरते. वाचणारे होते मेनेअर, म्हणजे श्रीयुत, स्टाम, निवृत्त गोपालक, उंच, हातांची बोटं जाड. आवाजात चढउतार नाही. चुकून एखाद्या शब्दावर जोर पडला तर पाप लागेल अशा बेताने वाचायचे.

त्या दिवशीचं प्रवचन माझं पाठ होतं. बांधाखाली राहणाऱ्या माणसाचं. तो रोज संध्याकाळी बांध बघून येतो, बांध भक्कम असतो, मग निर्धास्त झोपतो. पाणी बांधावरून येतच नाही. ते फरशीखालून येतं. सकाळी मोजा ओला लागतो, तर तो म्हणतो, मोलकरणीने सांडलं असेल.

ही या उपदेशकांची खरी करामत. नरकाच्या ज्वाळा फार लांब असतात, त्यांची सवय होते. भीती मोज्यात असली की माणूस खाली बघतो. आधी 'कोणी एक माणूस', मग 'आपण', मग अगदी शेवटी, ऐकणारा सैलावला की, 'तू'. यावर मी एक लेख लिहिला होता आणि तो बऱ्यापैकी गाजला होता.

सारंग पूर्णवेळ जागा होता. मला नवल वाटलं, आणि बरंही वाटलं.

२

परतताना गाडीत तो म्हणाला, "मोजा ओला होतो तरी त्याला कळत नाही."

"काय?"

"तो बांधाखालचा माणूस. मोलकरणीवर ढकलतो."

 सारंगचं डच म्हणजे सुपरमार्केट आणि नगरपालिकेच्या खिडकीपुरतं. ऑफिसात सगळं इंग्लिश. स्टाम वाचतात ते डच तर आज इथल्या पोरांनाही धड समजत नाही.

"तुला एवढं कळलं?"

"अगं, सोपं होतं." मग थोड्या वेळाने, "पण तो पलंगाशी उभा असतो तो कोण गं? दार न वाजवता आलेला?"

"असं काही नव्हतं त्यात."

"होतं ना. तो हाक मारत नाही. झोपलेला माणूस डाव्या कुशीवर वळेल म्हणून वाट बघत थांबतो."

घरी आल्यावर मी पुस्तक काढलं. प्रवचन दोन भागांत आहे. पलंगाशी उभा असलेला 'तो' दुसऱ्या भागात येतो, आणि तो भाग पुढच्या रविवारी वाचायचा होता. दार वाजवत नाही, कारण बाहेरून आलेलाच नाही. हाक मारत नाही. झोपलेला कूस बदलेल याची वाट बघतो. कोणती कूस, ते छापलेलं नव्हतं.

याचं उत्तर सोपं होतं. माझा अर्धामुर्धा मराठी अनुवाद जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपमध्ये दिवसेंदिवस उघडा असायचा. येताजाता वाचला असणार. इतक्या वर्षांत माझं काम त्याने पहिल्यांदाच वाचलं, म्हणून मी खरं तर हरखले.

"माझा अनुवाद कसा वाटला?"

"कुठला अनुवाद?" तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

३

पुढच्या रविवारी तो माझ्याआधी उठला होता.

स्टाम वाचत वाचत पलंगाच्या उल्लेखापाशी आले. तिथे त्यांनी सवयीप्रमाणे थांबून पाण्याचा घोट घेतला. सभागृहात पेपरमिंट चघळल्याचा आवाजसुद्धा बंद झाला. मी मनात म्हटलं, आता 'तू' येणार. आणि सहज सारंगकडे पाहिलं.

तो रडत होता. डोळे उघडे, चेहरा शांत, आणि पाणी हनुवटीपर्यंत आलेलं. मान किंचित डावीकडे कललेली होती. मी त्याच्या उजव्या हाताला बसले होते. डावीकडे बाक रिकामं होतं आणि पुढे भिंत.

दोन वर्षांपूर्वी भंडाऱ्याला त्याची आई गेली तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी होते. नातेवाईक मला बाजूला घेऊन म्हणाले, "याला रडव बाई, नाहीतर आतल्या आत कुढेल." मी किती प्रयत्न केले. कुशीत घेतलं, चिडले, जुने फोटो काढले. त्याने आईच्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि पहिल्या विमानाने कामावर हजर झाला. जे माझ्या हातून झालं नाही ते एका मेलेल्या इंग्रजाने पाण्याच्या एका घोटाएवढ्या वेळात केलं होतं.

"काय ऐकलंस?" घरी भाजी चिरता चिरता मी विचारलं.

"तू पण होतीस की."

"मला सांग ना. काय लागलं तुला एवढं?"

"नाही सांगता येणार."

"सात वर्षं मी त्या पुस्तकांत डोकं घातलंय, सारंग. एक शब्द मला कधी टोचला नाही. आणि तू दोनदा जाऊन..."

तो वैतागला नाही. तेच जास्त लागलं. "तू ते कसं बोलतात ते ऐकतेस, सुनीती," तो म्हणाला. "म्हणून."

त्या आठवड्यात मला त्याची ती सवय पहिल्यांदा दिसली. काहीही विचारलं की तो लगेच बोलायचा नाही. मान जराशी डावीकडे जायची, क्षणभर तिथेच थांबायची, आणि मग उत्तर यायचं. भाजीत मीठ बरोबर आहे का? मान डावीकडे. "हो, बरोबर आहे." शुक्रवारी लवकर येशील का? मान डावीकडे. "नाही जमणार." आधी कोणाला तरी विचारून घ्यावं तसं.

कानाचं काही असेल म्हणून मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. कान उत्तम होते.

दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. निदान तिचं नाव विचारता आलं असतं, ती माझ्यापेक्षा काळी की गोरी ते बघता आलं असतं. मी मात्र एका थांबण्यावर जळत होते.

४

मग मला सर्दीतापाने धरलं. रविवारी मी म्हटलं, "आज नको जाऊ या."

"तू झोप," तो म्हणाला. "मी जाऊन येतो."

त्याने दाढी केली होती. सदऱ्याला इस्त्री केली होती. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने इस्त्री केल्याचं मला आठवत नाही.

म्हातारे, आजारी लोक घरी बसून ऐकू शकतील म्हणून ती मंडळी प्रार्थनेचं थेट प्रक्षेपण करते. चित्र नसतं, फक्त आवाज. मी पांघरूण घेऊन टेबलाशी बसले, पुस्तक उघडलं, आणि स्टामांच्या आवाजाबरोबर ओळीवरून बोट फिरवत गेले. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मला समाधान वाटलं. ते वाचत होते, बस्स. छापलेला कागद आणि एक थकलेला आवाज, यापलीकडे तिथे काहीच नव्हतं.

स्टाम थांबले. पेला उचलल्याचा आवाज. कोणीतरी खोकलं.

आणि दूर कुठेतरी, मागच्या बाकांकडून, सारंगचा आवाज आला. अगदी हलका. मराठीत.

"हो."

मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा, "हो." आता आवाजात हसू होतं. मग त्याहून लांब शांतता, जेवढ्यात कोणी एखादा मोठा प्रश्न विचारील तेवढी.

"नाही," सारंग म्हणाला. "ती नाही."

पेला खाली टेकला. स्टाम पुढे वाचू लागले.

मी ध्वनिफीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. पेला, खोकला, शांतता, पेला. मधे काही नव्हतं. हेडफोन लावून, आवाज पूर्ण चढवून ऐकली. काही नव्हतं. मला ताप होता, आणि ज्या बाईच्या मनात संशय असतो तिला काय वाटेल ते ऐकू येतं, एवढं मलाही कळत होतं. पण मला जे ऐकू आलं होतं ते मी मनातून काढू शकले नाही. भीती वाटायला हवी होती. मला अपमान वाटला. कोणीतरी माझ्याबद्दल विचारलं होतं, आणि त्याने मला वगळलं होतं.

"कोणाशी बोलत होतास तिथे?" तो आल्या आल्या मी विचारलं.

त्याची मान डावीकडे गेली. थांबली.

"तिथे कोणी बोलत नाही, सुनीती," तो म्हणाला. "तिथे ऐकतात."

५

त्यानंतरच्या रविवारी स्टामांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. त्यांचं घर बांधाला लागूनच होतं, नीटनेटकं, खिडक्या लख्ख. स्टामबाई गोल चेहऱ्याच्या, गुलाबी, सदा हसऱ्या. मी त्यांना विचारलं, "साखर घालू?" त्यांनी मान डावीकडे कलवली, क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "घाल."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

स्टाम मला गोठा दाखवायला मागे घेऊन गेले. गोठ्यात आता गाई नव्हत्या, नातवंडांच्या सायकली होत्या. तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. आत उन्हात सारंग आणि स्टामबाई समोरासमोर बसले होते. बोलत नव्हते. दोघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या, दोघांच्या चेहऱ्यावर तेच सुख.

"तुमच्या यजमानांना ऐकू आलंय," स्टाम म्हणाले.

"काय ऐकू आलंय?"

"मला काय माहीत?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच चढ आला. "तिला ऐकू आलं तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याच बाकावर. सगळ्या मंडळीने माझं अभिनंदन केलं, की किती भाग्याची बायको आहे तुझी. त्यानंतर मी वाचायला लागलो. वाटलं, माझ्याच तोंडून जातंय तर एखादा शब्द जाता जाता मला लागेल."

"लागला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीतून ते सारंगकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी रोज आरशात बघत होते.

"तुम्ही कधी तिला विचारलं नाहीत?"

"विचारून काय होतंय. एकदा मी तिच्या त्या बाजूला जाऊन बसलो होतो. डावीकडे. एकदाच."

"मग?"

स्टाम बराच वेळ जाड बोटांनी एका सायकलची घंटी पुसत राहिले.

"ती माझ्याशी फार प्रेमाने बोलली," ते म्हणाले. "पुन्हा नाही बसलो. चला, कॉफी निवेल."

ते असं का म्हणाले याचा मी विचार करायला हवा होता. परतीच्या वाटेवर, घरी आल्यावर, पूर्ण आठवडाभर माझ्या डोक्यात त्यातलं एकच वाक्य घुमत राहिलं. ती माझ्याशी फार प्रेमाने बोलली.

६

पुढच्या रविवारी सभागृहात शिरल्यावर मी मुद्दाम मागे रेंगाळले. सारंग बाकावर बसला. नेहमीसारखी भिंतीच्या बाजूला एका माणसाएवढी जागा सोडून. मी त्याच्या पुढ्यातून सरकत गेले आणि त्या जागेत बसले.

"तिथे नको," तो पटकन म्हणाला.

"का? कोणाची जागा आहे?"

त्याची मान डावीकडे वळली. म्हणजे माझ्याकडे. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या कपाळावरची आठी गेली.

"ये," तो म्हणाला.

स्तोत्र झालं. पेपरमिंटची पुडी आली आणि गेली. स्टाम वाचू लागले. त्यांनी एकदा मान वर केली, मी कुठे बसले आहे ते पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा असेल, त्यांची ओळ चुकली. परत मागे जाऊन त्यांनी ती वाचली. मग ते थांबले आणि पेला उचलला.

सारंग माझ्या कानाशी झुकला आणि बोलू लागला.

तो इतक्या हलक्या आवाजात बोलत होता की पुढच्या बाकावरच्या टोप्या हलल्यासुद्धा नाहीत. आईचा शेवटचा फोन त्याने मीटिंग आहे म्हणून कापला होता. साड्यांच्या घड्या घालताना एकीत तिचा केस सापडला, तो त्याने पाकिटात ठेवला होता. या देशात आल्यापासून त्याला रोज सकाळी जाग येताना आपण कुठे आहोत ते कळत नाही आणि त्याची भीती वाटते. मधे मधे तो थांबायचा, माझ्याकडे बघायचा, मी काही विचारल्यासारखं ऐकायचा आणि म्हणायचा, "हो." मी काहीच विचारत नव्हते. मी ओठ घट्ट मिटून धरले होते, की माझ्या आवाजाने हे तुटू नये.

मला विजय मिळाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू. इतके दिवस त्या जागेतून जे कोणी हे ऐकत होतं, त्याला मी उठवलं होतं.

एवढ्यात लक्षात आलं की स्टामांचा घोट केव्हाच संपायला हवा होता. मी समोर पाहिलं. पेला त्यांच्या ओठांशी होता, तसाच. ते आमच्या बाकाकडे बघत होते, पण माझ्याकडे नाही. सारंगच्या पलीकडे, उजव्या बाजूला, जिथे मी नेहमी बसायचे तिथे बघत होते.

मी किंचित पुढे झुकले. सारंगच्या खांद्याआडून मला एक कोपर दिसलं. निळ्या स्वेटरमधलं, पोटाशी दुमडून घेतलेलं. त्या सभागृहात रविवारी सगळ्या बायका काळं घालतात. निळा स्वेटर एकटीच्याच अंगावर होता, आणि तो मी घातला होता.

पेला खाली टेकला. मी मागे सरले. पुन्हा बघायचं धाडस झालं नाही. आमेन म्हटल्यावर सगळे उठले तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

७

घरी आल्यावर मी वरणभात लावला, बटाट्याच्या काचऱ्या केल्या. ऊन टेबलावर आलं होतं. खाली रस्त्यावर मुलं सायकली फिरवत होती. मी ताटं घेतली आणि न ठरवता सारंगच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसले. माझी जागा त्याच्या उजवीकडे असते.

तो बोलतच होता. मोठ्या आवाजात, हसत, मधेच माझ्या मनगटावर बोटं ठेवत. लग्नाआधी आम्ही पुण्याला भेटायचो तेव्हा तो असा बोलायचा, किंवा तेव्हाही नाही. त्याला माझं प्रत्येक न विचारलेलं वाक्य ऐकू येत होतं आणि आवडत होतं. गोठ्यातलं स्टामांचं बोलणं मला आता पूर्ण कळलं. ते पुन्हा त्या जागी का बसले नाहीत तेही.

"आणि तुला गंमत सांगू?" सारंग म्हणाला आणि एकदम थांबला. त्याने हळूच उजव्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे झुकला. त्याच्या डोळ्यांत लहान मुलाची चोरटी खुशी होती.

"हळू बोल," तो कुजबुजला. "सुनीती ऐकेल."

मी उठायला हवं होतं. त्याचे खांदे धरून हलवायला हवं होतं, ओरडायला हवं होतं की अरे सुनीती मी आहे. ओठांपर्यंत आलंही. पण ते म्हटलं की काय होईल ते मला दिसत होतं. त्याची मान ताठ होईल, चेहऱ्यावरचं हे ऊन जाईल, आणि तो मला विचारेल, "भाजी अजून आहे का?" तसा नवरा माझ्याकडे नऊ वर्षं होता. हा माणूस मला आजच मिळाला होता.

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. जितका हलका काढता आला तितका हलका आवाज काढला.

"नाही ऐकणार ती," मी म्हणाले. "तू सांग."

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, त्याच्या उजव्या हाताला, चमचा ताटात ठेवल्याचा आवाज झाला. मी तिकडे पाहिलं नाही.